नायकाचा पगार किती?

लोकप्रिय वाचनाची गोष्ट : भाग 7

गेल्या आठवड्यात आपण बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपाशी थांबलो होतो. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात त्यांच्या शेजारच्याच फळीवर प्रेमकादंबऱ्या असत. रहस्यकथा लोक उघड नेत. प्रेमकादंबरी पिशवीत भाजीखाली जायची. आमच्या मावशीची प्रत तांदळाच्या डब्यामागे असे, आणि ती तिथे असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

लपवायचं कारण अर्थात शृंगार. या कादंबऱ्यांवरचा हा सर्वांत जुना आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत लंगडा. तो थेट दिल्लीपर्यंत जाऊन आला आहे. ‘रंभा’ मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टानं सोडलं, उच्च न्यायालयानं लेखकाला 25 रुपये दंड केला, 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. न्यायमूर्तींनी ‘श्यामा’ची भलामण केली नाही. लिखाण कच्चं असेल, अभिरुचीला सोडून असेल, पण तेवढ्यानं वाचणारा बिघडत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. लेखक सुटला, तोही नापास होऊन! त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला.

मग या प्रकारात जमतं ते काय? रहस्यकथेत शेवट झाकून ठेवायचा असतो. इथे तो पहिल्या प्रकरणातच कळलेला असतो, तरीही वाचकाला दोनशे पानं जागं ठेवायचं. हे काम सोपं वाटतं त्यानं एकदा करून पाहावं. ना. सी. फडके कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत, आणि कादंबरीही तशीच रचत: एक गाठ सैल होतेय तोवर दुसरी मारलेली. 1931च्या ‘प्रतिभासाधना’त त्यांनी या तंत्राची उघड चर्चा केली. टीकाकारांनी ‘तंत्र’ हा शब्द शिवीसारखा वापरला, पण हीच कारागिरी सुताराकडे असली की आपण कौतुक करतो.

आणखी एक गोष्ट या कादंबऱ्यांच्या खात्यावर जमा करायला हवी. मुलगी पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून बाहेर यायची आणि होकार-नकार दुसरेच ठरवायचे, त्या काळात इथली नायिका स्वतः कुणावर तरी जीव टाकायची. तिचं मन पानंच्या पानं व्यापायचं. मावशीला तेवढं पुरेसं होतं.

घोडं पेंड खातं ते अडथळ्यांपाशी. प्रेमकथेला अडथळा लागतोच. प्रश्न तो आणायचा कुठून हा. पत्र भलत्याच्या हाती पडतं, दाराआडून अर्धवट संवाद ऐकू येतो, ऐनवेळी मोटार उलटते. तांदळाच्या डब्यापलीकडच्या जगात प्रेम अडत होतं ते जातीपाशी, हुंड्यापाशी, दोन खोल्यांत सात माणसं राहणाऱ्या बिऱ्हाडापाशी. ते कादंबरीत आलंच तर शेवटच्या प्रकरणात कुणाचा तरी मृत्युपत्राचा कागद निघून मिटतं. नायक देखणा, उमदा, सुशिक्षित असतो. महिन्याला किती कमावतो हे बहुतेक वेळा कळत नाही.

जेन ऑस्टिननं हे झाकलं नव्हतं. 1813च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सीचं वार्षिक उत्पन्न दहा हजार पौंड असल्याची कुजबुज तो नाचाला येताच खोलीभर पसरते. नायिका एलिझाबेथ बेनेटच्या बापाची मिळकत मुलींना न मिळता दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, हेही ऑस्टिन पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागातच सांगून टाकते. हिशेब समोर मांडलेला असल्यामुळे एलिझाबेथनं डार्सीला दिलेला पहिला नकार वजनदार होतो: ती काय नाकारतेय हे आपल्याला पौंडांत माहीत असतं. आपल्या नायिकेनं श्रीमंत स्थळ नाकारलं तरी तिचं काय गेलं ते समजत नाही.

तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी जुनी कादंबरी असेल तर रद्दीत घालण्याआधी तिच्यात नायकाचा पगार शोधून पाहा, आणि सापडला तर आकडा मला जरूर कळवा. पुढच्या रविवारी ऐतिहासिक कादंबरी.