कबड्डीपटूचे मोल



पैनगंगेच्या दक्षिणेला, आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी बोलणाऱ्या गावांत, कापसाची वेचणी उरकली की संध्याकाळी चुन्याची फक्की घेऊन मुले मैदान आखू लागतात. काळी माती वाळली की तिला भेगा पडतात आणि पाय मुरगळतो. म्हणून आधी तिच्यावर मुरूम पसरावा लागतो. या मैदानांवर खेळणारी मुले घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू शिकतात आणि व्यावसायिक कबड्डीत 'तेलुगू टायटन्स' या हैदराबादच्या संघाला आपला संघ मानतात.

2025च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत यांपैकीच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. नववी नुकतीच संपलेली, अंगाने काटक, चढाईत चपळ. म्हणाला, "सर, पवन सेहरावतला आपला संघ परत घेणार म्हणतात. खरं का?" ही वार्ता त्याला कोणी सांगितली, असे मी विचारले. कोणाच्या तरी फोनवर आली होती. थोड्याच दिवसांत, 31 मे व 1 जून रोजी मुंबईत लिलाव झाला आणि पवन साडेएकोणसाठ लाखांत तमिळ थलायवाज या संघाकडे गेला. मुलगा पुन्हा आला. संघ बदलल्याचे दुःख त्याला होतेच, पण त्याहून मोठा धक्का आकड्याचा होता. "सर, अडीच कोटींचा माणूस साठ लाखांत? आणि वय तर अठ्ठावीसच!"

या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रथम लिलावाची रीत समजून घेऊ. प्रो कबड्डी ही स्पर्धा 26 जुलै 2014 रोजी मुंबईत आठ संघांनिशी सुरू झाली. 2017पासून संघ बारा झाले. पहिल्या वर्षी सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची बोली होती 12 लाख 80 हजार. चारच वर्षांनी, 2018च्या लिलावात, सहा खेळाडूंनी एक कोटीचा आकडा गाठला किंवा ओलांडला. प्रत्येक संघाला खर्चासाठी एक ठरावीक थैली दिलेली असते. 2023 साली ती पाच कोटींची होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी थैलीबाहेर एक रुपयाही त्याला खर्चता येत नाही. काही खेळाडू आधीच राखून ठेवता येतात; उरलेल्यांवर बोली लागते; आणि आपला जुना खेळाडू दुसऱ्याने जिंकला तर तेवढीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याचा 'फायनल बिड मॅच' नावाचा हक्कही असतो.

अफवांचा जन्म याच फटीत होतो. कोणाला राखले याची यादी जाहीर होईपर्यंत संघ गप्प असतात, आणि जिथे अधिकृत तोंड बंद असते तिथे हजार अनधिकृत तोंडे उघडतात. ती सगळीच खोटी असतात असेही नाही. क्रिकेटमध्ये रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानकडे जाणार आणि संजू सॅमसन चेन्नईला येणार, ही कुजबूज बरीच आधी सुरू होती; 2025च्या नोव्हेंबरात ती खरी ठरली. त्या अदलाबदलीत सॅमसनचे अठरा कोटी कायम राहिले, जडेजाचे मात्र अठराचे चौदा झाले. सॅमसन एकतिशीचा, जडेजा सदतिशीच्या उंबरठ्यावर. चार कोटींचा तो फरक वयाने खाल्ला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता पवनकडे वळू. 2022 साली तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतले. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि उरलेला सारा मोसम तो मैदानाबाहेर बसला. गंमत अशी की, तो संघ त्याच्यावाचून प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. आमच्या गावात त्या रात्री फटाके वाजले. पण हिशेब करून पाहा. पाच कोटींच्या थैलीतील निम्म्याहून अधिक रक्कम एका माणसावर गेली. संघात किमान अठरा खेळाडू लागतात. म्हणजे उरलेल्या सतरा जणांच्या वाट्याला सरासरीने चौदा लाख आले. कबड्डीत मैदानावर सात जण उभे राहतात. चढाई करणारा बाद होऊन बाहेर बसला की त्याचे अडीच कोटीही त्याच्या शेजारी बाकावर बसतात. त्याला परत आत आणायचे काम त्या चौदा लाखवाल्यांनाच करावे लागते. त्या मोसमात टायटन्सने बावीस सामन्यांपैकी दोन जिंकले. पवन वाईट खेळला, असे कोणी म्हणू नये. तो उत्तमच खेळला. संघाची थैली मात्र रिकामी होती.

पुढे त्याची किंमत 2024 साली 1 कोटी 72 लाख 50 हजार झाली आणि 2025 साली ती वर सांगितलेल्या आकड्यावर आली. त्याच वर्षी टायटन्सने त्याच्याविना, मध्यम किमतीच्या खेळाडूंना जमवून, अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडेपर्यंत मजल मारली. एवढ्यावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत, हे खरे. तरी माझ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी.

तथापि पवन आपल्यापासून दूरचा, हरियाणाच्या बाजूचा गडी. आपल्या मराठी मुलखातील उदाहरण घ्यावयाचे तर कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईचे घ्यावे. तो टायटन्सकडून खेळत होता, तेव्हा आमच्या मुलांना त्याचे दुप्पट कौतुक होते: संघ आपला आणि भाषाही आपली. 2018 साली यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे या खेळात तसा उशिराच आलेला. पहिल्याच मोसमात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि लोक त्याला 'बाहुबली' म्हणू लागले. लगेच पुढल्या वर्षी टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्याच लिलावात टायटन्सचा पहिल्या वर्षापासूनचा लाडका राहुल चौधरी 94 लाखांना तमिळ संघाकडे गेला. एका वर्षापूर्वी त्याची बोली 1 कोटी 29 लाख होती. सिद्धार्थने पुन्हा दोनशेचा टप्पा ओलांडला. 2021च्या लिलावात 1 कोटी 30 लाख. मग दुखापत झाली आणि सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर तो मोसम त्याच्यासाठी संपला. 2022 साली त्याच संघाने त्याच माणसाला घेतले ते 20 लाखांना. त्याने पुन्हा चढाया केल्या, पुन्हा गुण आणले. 2023 साली हरियाणाने 1 कोटी दिले. 2024 साली दिल्लीने 26 लाख.

सहा वर्षांत सहा आकडे. माणूस तोच, उंची तीच, चढाईचा हातही तोच. माणसाची योग्यता अशी दरवर्षी पाचपटीने खाली-वर होत नसते. होते ती गरज. त्या दिवशी किती संघांच्या थैल्या भरलेल्या आहेत, त्यांतील किती जणांना चढाईचा गडी हवा आहे, आणि त्याच्या आधी कोणाचे नाव पुकारले गेले, एवढ्यावर आकडा ठरतो. आमच्या आदिलाबादच्या बाजार समितीत कापूस घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग उतारवयातील थोर खेळाडूला मोठी रक्कम द्यावी की नाही? इथे 'उतारवय' हा शब्द जपून वापरला पाहिजे, कारण कबड्डीत ते सर्वांना एकदम गाठत नाही. चढाई करणाऱ्यास तीस सेकंदांत एकच दम धरून सात जणांमध्ये शिरावयाचे असते. त्याची सारी भिस्त मांडीवर, घोट्यावर आणि छातीच्या भात्यावर. प्रदीप नरवालचेच पाहा. चढाईतील 1801 गुण, पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदे, 2021 साली 1 कोटी 65 लाखांची बोली. आणि 2025च्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा कोणीही हात वर केला नाही. वय अठ्ठावीस! तो निवृत्त झाला. अठ्ठाविसाव्या वर्षी माझी नोकरी नुकती कुठे कायम झाली होती.

पकड करणाऱ्याचे तसे नसते. कोपऱ्यात उभा असलेला गडी समोरच्याच्या पायाकडे पाहत थांबतो. कधी झेपावायचे नाही, हे त्याला वर्षानुवर्षांच्या चुकांनी शिकवलेले असते. धर्मराज चेरलाथनने पाटण्याचे नेतृत्व करून विजेतेपद मिळवले तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही तो मैदानावर होता. इराणचा फझल अत्राचली 2023 साली 1 कोटी 60 लाखांचा होता, 2024 साली 50 लाखांचा झाला. आणि 2025 साली दिल्लीने विजेतेपद पटकावले तेव्हा तेहतीस वर्षांचा हा गडी त्या संघात होता. म्हणजे म्हाताऱ्या सिंहाला पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्नच अर्धवट आहे. त्याच्याकडून झेप घेण्याचे काम हवे आहे की दबा धरण्याचे, हे आधी ठरवले पाहिजे.

बास्केटबॉलच्या अमेरिकेतही हाच वाद चालतो. 2013 साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने कोबी ब्रायंटशी दोन वर्षांचा 4 कोटी 85 लाख डॉलरचा करार केला. तो पस्तिशीचा होता आणि टाचेवरचा स्नायुबंध तुटल्यामुळे आठ महिने मैदानाबाहेर होता. नवा करार सुरू होण्यापूर्वीच्या मोसमात तो फक्त सहा सामने खेळू शकला. करारातील दोन वर्षांत त्या बलाढ्य संघाने ब्याऐंशीपैकी अनुक्रमे एकवीस व सतरा सामने जिंकले. आपल्या शेवटच्या सामन्यात, 13 एप्रिल 2016 रोजी, कोबीने एकट्याने साठ गुण केले. तो सामना पाहणाऱ्यांना पैसे वाया गेले असे वाटले नसणार. परंतु तिथेही पगारावर मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेतून कृतज्ञता व्यक्त केली की तरुण सहकाऱ्यांचा घास कमी होतो.

माझे मत असे आहे. मोसमाची मजुरी ही येत्या मोसमातील कामाची असावी. ज्याने दहा वर्षे संघ उभा केला त्याचे ऋण थैलीतून फेडू नये. ते मालकाने आपल्या नफ्यातून फेडावे. थैलीला मर्यादा आहे, पण तिकिटांच्या, जाहिरातींच्या आणि प्रक्षेपणाच्या मिळकतीला कसली आहे? म्हातारा खेळाडू तरुणाचे पैसे खातो, असे म्हणून आपण दोन मजुरांना भांडत ठेवतो आणि धनी मात्र बाजूला राहतो. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या घटकेला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. लिलावातला धनी पहाटेपासून राबलेल्याला संध्याकाळी ओळखत नाही.

पूर्वीची रीत निराळी होती. कबड्डीपटूचे बक्षीस म्हणजे नोकरी. रेल्वेत, पोलिसांत, मुंबईच्या बँका व कारखान्यांच्या संघांत जागा मिळाली की गुडघा गेला तरी पगार चालू राहत असे. यू मुंबाला 2015चे विजेतेपद मिळवून देणारा अनुप कुमार केंद्रीय राखीव पोलीस दलातून आलेला. 2018च्या लिलावात जयपूरने त्याला 30 लाखांना घेतले आणि त्याच डिसेंबरात त्याने खेळ सोडला. पण पुढे पुणेरी पलटणने त्याला प्रशिक्षक नेमले. त्याने संघ बदलला, तेव्हा मुंबईचे लोक हळहळले. त्याच्या पोटापाण्याची काळजी मात्र कोणाला वाटली नसावी. आजच्या मुलाला लिलावाचे कोटी दिसतात. त्यामागची ही नोकरीची भिंत त्याला दिसत नाही. ती आता किती मुलांच्या पाठीशी उभी आहे, हाही प्रश्नच.

असो. माझ्या विद्यार्थ्याला दहावी सोडून एका कबड्डी प्रशिक्षण केंद्रात जावयाचे होते. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी त्याचे वडील माझ्या ओसरीवर येऊन बसले. पाच एकर कोरडवाहू कापूस, दोन मुली, हा एक मुलगा. बराच वेळ पावसाचे बोलून झाले. मग त्यांनी विचारले, "सर, समजा पोरगं खेळलं बी चांगलं. किती वर्षं भेटतील त्याला?"

मी कागद घेतला आणि सिद्धार्थ देसाईचे सहा आकडे सालवार लिहून दिले. त्यांनी ते दोनदा वाचले. 'वीस लाख' या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "या साली काय झालं?"

"दुखापत झाली होती."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी मुलगा दहावीच्या वर्गात येऊन बसला. संध्याकाळी मैदानावरही होता. डाव्या गुडघ्याला त्याने आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती, आणि पुढल्या लिलावात टायटन्स कोणाला घेणार याची खात्रीलायक बातमी तो सोबत्यांना सांगत होता.