ठिपक्यांच्या रांगोळीचा आरसा

दोन टॉर्चचे झोत एकमेकांना छेदून गेले तरी एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकमेकांची दखलच घेत नाहीत. पण प्रकाशाकडून गणिते करून घ्यायची, तर एका फोटॉनने दुसऱ्याची वाट अडवायला हवी, आणि त्यासाठी अणूसारखा मध्यस्थ लागतो. मग अणूंची गर्दी जमवली की झाले, असे कोणालाही वाटेल. 2012 साली हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी थंड रुबिडियमच्या ढगात हे करूनही दाखवले. लेझरने अणू 'रिडबर्ग' अवस्थेत नेला, की त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर जातो, आणि असा फुगलेला अणू शेजाऱ्यांना फुगू देत नाही. त्यामुळे एक फोटॉन ढगात असताना दुसऱ्याची वाट बंद होते. मात्र विस्कळीत ढगात अडलेला फोटॉन वाटेल त्या दिशेला फेकला जातो, आणि हरवलेला फोटॉन पुढच्या कामाला उरत नाही. माझ्या मते अडचण संख्येची नाही, मांडणीची आहे.

याचा भक्कम पुरावा 2020 मध्ये जर्मनीतल्या गार्शिंगच्या माक्स प्लांक संस्थेत मिळाला. तिथे लेझरच्या जाळीत सुमारे 200 रुबिडियम अणू एकाच थरात, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे बसवले. दोन ठिपक्यांत अंतर 532 नॅनोमीटर, तर पाडलेल्या प्रकाशाची तरंगलांबी 780. अंतर तरंगलांबीहून इतके कमी असले, की अणूंनी परत सोडलेल्या लहरी तिरप्या दिशांना एकमेकींना खोडतात आणि फक्त पुढे-मागे जुळतात. जेमतेम एका अणूच्या जाडीचा तो थर आरसा झाला! अणूंचा क्रम विस्कटला, तेव्हा आरसाही फिका पडला.

यावर रास्त आक्षेप असा, की नुसता आरसा फोटॉनांची गाठ घालत नाही; दोन आले तर दोघांनाही तो सारखेच परतवतो. खरे आहे. म्हणूनच 2023 मध्ये त्याच संस्थेत मांडणीला रिडबर्ग गुणाची जोड दिली गेली. त्यात एका वेगळ्या अणूच्या अवस्थेवरून आरसा प्रकाश परतवणार की आरपार सोडणार, हे ठरू लागले. त्या अणूची भूमिका एका फोटॉनने बजावावी, असे सैद्धांतिक प्रस्तावही पुढे आले आहेत. निरपेक्ष शून्याला खेटलेल्या तापमानात चालणारे हे यंत्र व्यवहारात कधी येणार, असे कोणी विचारेल. पण थंडी ही सोय-गैरसोयीची बाब झाली. खरी परीक्षा जागा भरण्याची आहे. रांगोळीतला एक ठिपका रिकामा राहिला, तरी प्रकाश तिरपा निसटू लागतो.