दिवाळी आधीं कीं कापूस आधीं?

नाताळचा बाजार फार लवकर भरतो अशी विलायतेंत तक्रार असते. पण नाताळची तारीख तरी ठरलेली! आमची दिवाळी चंद्राच्या चालीनें सरकते. २०२२ सालीं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतें, २०२३ सालीं १२ नोव्हेंबरला. अंजनगाव सुर्जीकडे कापूस पिकविणाऱ्या घरीं हे एकोणीस दिवस मोलाचे, कारण बोंड चंद्राकडे पाहून फुटत नाहीं. पहिल्या वेचणीस शेतांत ‘सीतादही’ करून दहीभाताचा नैवेद्य दाखवावा, कापूस विकावा, मग कापड घ्यावें, हा वऱ्हाडचा जुना क्रम. दुकानदारानें नवरात्रापूर्वींच दिवाळी मांडली कीं तो उलटतो. कापड उधारीवर येतें. पोरांना नवा सदरा नको, असें कोणता बाप म्हणेल? आणि सीतादहीच्या दिवशीं वेचलेला कापूस आधींच दुसऱ्याचा झालेला असतो.