मनगटावरचे घड्याळ आणि रक्तातला नायट्रोजन

माझ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्याचे काका सुट्टीत मालवणला स्कूबा करायला निघाले होते. त्यांच्या हातात नवे स्मार्ट घड्याळ होते. ते पावले मोजते, नाडीचे ठोके मोजते आणि त्याच्या पाठीवर '५० मीटर' असे कोरलेले आहे. विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे हे घालून काकांना ५० मीटर खोल जाता येईल ना? आणि वर केव्हा यायचे हे घड्याळच सांगेल ना?"

प्रश्न दोन होते आणि दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच होते. मात्र आज बाजारात अशी काही स्मार्ट घड्याळे आहेत की ज्यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'बऱ्याच अंशी होय' असे देता येते. हा फरक कशामुळे पडतो? तो समजण्यासाठी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. चला, पाहू या.

पाठीवरच्या आकड्याचा अर्थ

घड्याळावरचे '५० मीटर' म्हणजे ५० मीटर खोल जाण्याचा परवाना नव्हे. घड्याळ स्थिर असताना, तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाखाली ते गळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. असे घड्याळ हौदात पोहताना चालते. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ निदान १०० मीटरचे असावे लागते आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जादा दाबाखाली त्याची परीक्षा घेतात. काकांचे घड्याळ या जातीचे नव्हते. ते खाली नेले तर आत पाणी शिरण्याचा धोका होता.

पण समजा, घड्याळात पाणी शिरले नाही, तरी खरा प्रश्न शिल्लकच राहतो. पाणबुड्याला घड्याळ कशासाठी हवे असते?

दाबावरून खोली

पाण्याखालच्या घड्याळात दाब मोजणारा संवेदक असतो. त्यात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा बसवलेला असतो. बाहेरचा दाब वाढला की पडदा किंचित वाकतो आणि त्यावरील विद्युत्‌रोध बदलतो. या बदलावरून दाब कळतो. पुढचे काम तुमच्या ओळखीच्या सूत्राचे आहे : दाब = उंची × घनता × गुरुत्वत्वरण.

समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १०२५ किलोग्रॅम धरा. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब १० × १०२५ × ९.८ म्हणजे सुमारे एक लाख पास्कल येतो. हा जवळजवळ एक वातावरणाइतका दाब झाला. म्हणजे पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार वातावरणे, असा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे.

२०२२ साली आलेल्या 'ॲपल वॉच अल्ट्रा' या घड्याळात असा संवेदक आहे. तो ४० मीटरपर्यंतची खोली एक मीटर इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने दाखवतो. छंद म्हणून बुडी मारणाऱ्यांसाठी प्रशिक्षण संस्थांनी घालून दिलेली कमाल मर्यादाही ४० मीटरच आहे. त्याच कंपनीच्या २०२४ सालच्या 'सिरीज १०' घड्याळातील खोलीमापक मात्र ६ मीटरपर्यंतच काम करतो. तेव्हा दोन घड्याळे दिसायला सारखी असली, तरी पाण्याखाली त्यांची योग्यता सारखी नसते.

आता महत्त्वाचा मुद्दा. खोली आणि वेळ दाखवणारे घड्याळ म्हणजे खोलीमापक. त्याला पाणबुड्याचा संगणक म्हणता येत नाही. संगणक याच्या पुढचे काम करतो. तो पाणबुड्याच्या शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचा हिशेब ठेवतो.

सोडावॉटरची बाटली

सोडावॉटरची बंद बाटली पाहा. आत एकही बुडबुडा दिसत नाही. झाकण काढताच फसफसून बुडबुडे वर येतात. कारण द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या समप्रमाणात असते. विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १८०३ साली मांडला. दाब एकदम उतरला की जादा वायू द्रवात मावत नाही आणि बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

पाणबुड्याच्या शरीरात हेच घडू शकते. २० मीटर खोलीवर छातीवर तीन वातावरणांचा दाब असतो. त्याला श्वास घेता यावा म्हणून पाठीवरच्या टाकीची झडप हवाही तितक्याच दाबाची पुरवते. हवेत सुमारे चार पंचमांश नायट्रोजन असतो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकते, पण नायट्रोजनचा शरीराला उपयोग नाही. तो रक्तात विरघळतो आणि रक्तावाटे स्नायू, चरबी, सांधे अशा निरनिराळ्या ऊतकांत साठत जातो. पाणबुड्या सावकाश वर आला तर हा नायट्रोजन फुप्फुसांवाटे निघून जातो. तो घाईने वर आला तर शरीराची सोडावॉटरची बाटली होते! बुडबुडे सांध्यांत झाले तर तीव्र वेदना होतात. मज्जारज्जूत झाले तर पक्षाघात होऊ शकतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. पाणबुडे या विकाराला 'बेंड्स' म्हणतात.

हॉल्डेन यांच्या शेळ्या

किती वेळ खाली राहिले तर सरळ वर येणे धोक्याचे नाही? ब्रिटिश नौदलासाठी हा प्रश्न जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हाती घेतला. दाबकोठडीत शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. (जे. बी. एस. हॉल्डेन हे यांचेच चिरंजीव. ते १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.)

हॉल्डेन यांची कल्पना अशी : शरीरातील सर्व ऊतके सारख्याच वेगाने नायट्रोजन घेत नाहीत. ज्यांना रक्तपुरवठा भरपूर ती लवकर भरतात, ज्यांना कमी ती सावकाश भरतात. म्हणून त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे पाडले आणि प्रत्येकाला एक 'अर्धकाल' दिला. हे अर्धकाल ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे होते. किरणोत्सारी पदार्थांचा अर्धायुकाल तुम्ही शिकला आहात, तीच ही रीत.

एक उदाहरण सोडवून पाहू. हवेत नायट्रोजन ८० टक्के धरला तर जमिनीवर प्रत्येक कप्प्यात नायट्रोजनचा दाब ०.८ वातावरण असतो. २० मीटरवर श्वासातील नायट्रोजनचा दाब ०.८ × ३ म्हणजे २.४ होतो. दोहोंतील अंतर १.६. पाच मिनिटांच्या कप्प्यात पाच मिनिटांनी यातले निम्मे अंतर भरून निघते आणि दाब १.६ होतो. आणखी पाच मिनिटांनी उरलेल्याचे निम्मे, म्हणजे २.०, पंधरा मिनिटांनी २.२; वीस मिनिटांनी २.३. तेवढ्याच वीस मिनिटांत चाळीस मिनिटांचा कप्पा मात्र जेमतेम १.२७ पर्यंत पोहोचतो. वर येताना हीच गोष्ट उलट घडते. जो कप्पा सावकाश भरतो, तो सावकाशच रिकामा होतो.

कप्प्यातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा थोडा जास्त असला तरी लगेच बुडबुडे होत नाहीत. मात्र त्याला मर्यादा आहे. लवकर भरणारे कप्पे अधिक जादा दाब सहन करतात, सावकाश भरणारे कमी. झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमन यांनी पुढे अनेक वर्षे प्रयोग करून या मर्यादा अधिक काटेकोरपणे ठरवल्या. त्यांनी १६ कप्पे घेतले. सर्वांत लहान अर्धकाल ४ मिनिटांचा, तर सर्वांत मोठा ६३५ मिनिटांचा, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक!

हे हिशेब पूर्वी छापील तक्त्यांवरून करीत. तक्ता असे धरून चालतो की पाणबुड्या सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. १९८३ साली अमेरिकेत 'एज' नावाचा संगणक आला आणि प्रत्यक्ष खोलीप्रमाणे सतत हिशेब करणाऱ्या यंत्रांचा प्रसार सुरू झाला. आज तेच काम मनगटावर होते. 'अल्ट्रा' घड्याळात 'ओशनिक प्लस' हे ॲप बसवले, की ते ब्यूलमन यांच्या पद्धतीने सोळा कप्प्यांचा हिशेब पाण्याखाली पुनःपुन्हा करीत राहते. ॲप नसेल, तर हेच घड्याळ केवळ खोलीमापक उरते.

घड्याळ काय सांगते?

पडद्यावर खोली आणि गेलेला वेळ यांबरोबर एक तिसरा आकडा दिसतो. वाटेत न थांबता वर येता येईल अशी आणखी किती मिनिटे शिल्लक आहेत, हे तो सांगतो. खोली वाढली की ही मिनिटे झपाट्याने घटतात. पहिल्याच बुडीत १८ मीटरवर ती सुमारे तासाभराची असतात, तर ३० मीटरवर अवघी वीसेक. पाणबुड्या घाईने वर येऊ लागला तर घड्याळ इशारा देते. साधारणपणे मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नये आणि शेवटी ५ मीटरवर तीन ते पाच मिनिटे थांबावे, असा पाणबुड्यांचा शिरस्ता आहे.

आणि काय सांगत नाही?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. घड्याळाने प्रत्यक्ष मोजलेल्या राशी दोनच आहेत : दाब आणि वेळ. तुमच्या रक्तातला नायट्रोजन ते मोजत नाही. ते फक्त सोळा काल्पनिक कप्प्यांचे गणित करते. तुम्ही दमलेले आहात काय, थंडीने कुडकुडत आहात काय, शरीरातले पाणी कमी झाले आहे काय, यांचा या कप्प्यांना पत्ता नसतो. म्हणून पडद्यावर 'पाच मिनिटे शिल्लक' दिसले, तरी शहाणा पाणबुड्या शेवटचे मिनिट संपण्याची वाट पाहत नाही.

घड्याळाची स्मृती हीच त्याची विद्या. समजा, सकाळच्या बुडीनंतर तुम्ही दुपारी मित्राचे कोरे घड्याळ बांधून पुन्हा खाली गेलात. त्या घड्याळाच्या लेखी तुमचे रक्त स्वच्छ आहे! सकाळचा उरलेला नायट्रोजन त्याच्या हिशेबातच नाही. म्हणून ज्याचे त्याने स्वतंत्र घड्याळ वापरावे आणि दिवसभर तेच ठेवावे. विजेचा घट मध्येच संपला तर सगळा हिशेब बंद पडतो. साध्या स्मार्ट घड्याळाला टाकीत किती हवा उरली हेही कळत नाही, त्यासाठी टाकीचा दाबमापक पाहावा लागतो. उपग्रहावरून जागा शोधण्याची त्याची शक्ती पाण्याखाली निरुपयोगी ठरते, कारण त्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्याच्या काही सेंटिमीटर थरातच शोषल्या जातात.

हिशेब पाण्याबाहेर आल्यावरही संपत नाही. अंदमानला बुडी मारून लगेच विमानात बसणे धोक्याचे आहे, कारण विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. बाटलीचे झाकण आणखी थोडे सैल केल्यासारखेच ते झाले! एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास उड्डाण टाळावे, असा सल्ला देतात.

तर काकांनी काय करावे? मालवण-तारकर्लीला हौशी पर्यटकांना प्रशिक्षकाच्या सोबतीने उथळ पाण्यात नेतात. तेथे सोळा कप्प्यांच्या गणिताची फारशी गरज पडत नाही. पण एक नियम उथळ पाण्यातही तितकाच कडक आहे : वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. बॉइलच्या नियमाप्रमाणे १० मीटरवरची फुप्फुसभर हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. अगदी दोन मीटरवरून श्वास कोंडून वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. याची सूचना कोणतेही घड्याळ वेळेवर देऊ शकणार नाही. ती आधीच डोक्यात पक्की असावी लागते. मी विद्यार्थ्याला म्हटले, "काकांना सांग, घड्याळ खोलीवर ठेवा आणि हा नियम बरोबर न्या."

करून पाहा

१. काही मोबाइल फोनांत वायुदाबमापक असतो. तो घेऊन शाळेच्या तळमजल्यावरून १० मीटर उंच गच्चीवर जा. दाब सुमारे १२० पास्कलने कमी झालेला दिसेल. पाण्यात एवढाच फरक पडायला किती सेंटिमीटर खोली लागेल? (उत्तर : सुमारे १.२ सेंटिमीटर.)

२. चाळीस मिनिटांचा अर्धकाल असलेला कप्पा २० मीटरवर ४० मिनिटे राहिला. नंतर पाणबुड्या ८० मिनिटे होडीत बसला. दुसरी बुडी सुरू करताना कप्प्यात नायट्रोजनचा दाब किती असेल? तो ०.८ आला, तर तुम्ही मित्राचे कोरे घड्याळ बांधले आहे असे समजा आणि उदाहरण पुन्हा सोडवा!