प्रशिक्षणाआधीचा अर्धा तास

खडकवासल्याला सिंहगड रस्त्यावर राष्ट्रीय जल अकादमी आहे. केंद्रीय जल आयोगाने १९८८ मध्ये ‘सेंट्रल ट्रेनिंग युनिट’ म्हणून ती सुरू केली. नोकरीत मुरलेले अभियंते धरण सुरक्षा, पूर अंदाज असे विषय शिकायला इथे येतात. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतील टिमोथी बाल्डविन आणि केविन फोर्ड यांनी वर्गात शिकलेले कामात का उतरत नाही, याचा आढावा घेतला. त्यांनी तीन घटक मांडले: शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कामाच्या जागचे वातावरण. व्याख्यात्याच्या हातात यातला फक्त मधला. उरलेले दोन्ही कार्यालयात ठरतात, आणि आपल्याकडे तिथे बहुधा एवढेच होते: पत्र येते, ज्याच्याकडे काम कमी त्याचे नाव जाते.

प्रशिक्षणाला जाण्याआधीची तयारी म्हणजे पुस्तके वाचून जाणे नव्हे. आपले काम नेमके कुठे अडते हे ठरवून जाणे. खडकवासल्याचेच पाहा. टेमघर, वरसगाव आणि पानशेतमधून सोडलेले पाणी अखेर या धरणात येते. इथून मुठेत किती क्युसेक विसर्ग करायचा, यावर पुण्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांची रात्र अवलंबून असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले, हे पुणेकरांना सांगायला नको. अशा धरणावरचा अभियंता ‘पूर व्यवस्थापन शिकायचे आहे’ म्हणत आला, तर त्याला सर्वांना मिळते तेच मिळेल. पण ‘घाटात पाऊस वाढल्यावर येवा धरणात पोचेपर्यंत हाताशी किती वेळ असतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो, ते आकड्यांनी कसे काढायचे?’ असे विचारत, गेल्या पावसाळ्यातील पाणीपातळीच्या आणि दरवाजांच्या नोंदी घेऊन आला, तर व्याख्यात्यालाही नेमके बोलावे लागते.

यावर आक्षेप येतो, की ज्याला विषयच माहीत नाही त्याला उणीव कशी कळणार? विषयाची कळणार नाही, कामाची कळते. कोणत्या निर्णयासाठी दर वेळी साहेबांना फोन करावा लागतो, एवढे आठवले तरी पुरे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: उणीव कबूल केली आणि ती कार्यमूल्यमापन अहवालात गेली तर? ही भीती निराधार नाही, म्हणूनच सुरुवात वरिष्ठांनी करायला हवी. प्रश्न माणसाच्या नव्हे, कामाच्या नावावर लिहावा आणि मूल्यमापनापासून दूर ठेवावा. वेळ नसल्याची सबब मात्र पटत नाही. आठवडाभर माणूस सोडता येतो, तर त्याच्याशी बोलायला अर्धा तास निघतोच.

तेव्हा नाव पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांनो, पत्रावर सही करण्याआधी त्या कर्मचाऱ्याला समोर बसवा, अडलेला एक प्रश्न दोघांनी मिळून लिहा आणि तो परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या प्रश्नाचे उत्तर मागा.