कारखाना त्यांचा, कर्ज गावाचे

८ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबईत महाराष्ट्र शासन आणि तैवानची फॉक्सकॉन कंपनी यांच्यात एक सामंजस्य करार झाला. पाच वर्षांत ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि ५० हजार नोकऱ्या, असा मथळा दुसऱ्या दिवशी घरोघरी वाचला गेला. कारखाना काही आला नाही. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तो येणार नसल्याचे सांगून टाकले. पुढे २०२२ साली वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले आणि आपल्याकडे मोठे रणकंदन माजले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनही बाहेर पडली.

दोन्ही वेळा आपण हळहळलो. हातचे गेले म्हणून हळहळणे साहजिक आहे. पण ज्यांच्या हाती ते लागले, त्यांचे काय झाले? असे एक गाव आहे. ते अमेरिकेत आहे. मी उभी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात घालवली, त्यामुळे त्या गावाची गोष्ट मला एखाद्या जाडजूड कर्जप्रकरणासारखी वाचावीशी वाटते. तशीच ती वाचकांपुढे ठेवतो.

शिकागो आणि मिलवॉकी या दोन शहरांच्या मधे, मिशिगन सरोवराच्या काठी, विस्कॉन्सिन राज्यात रसीन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणा. फरक इतकाच की तिला स्वतःचे निवडून आलेले मंडळ असते, कर बसवण्याचा आणि कर्ज उभारण्याचा अधिकार असतो. या काउंटीत माउंट प्लेझंट हे गाव. कागदोपत्री ‘व्हिलेज’च, पण लोकवस्ती २६-२७ हजारांची. भोवती मका, सोयाबीन आणि कोबीची शेते. रसीन शहरातले जुने कारखाने एकेक करून बंद पडलेले, त्यामुळे पोराबाळांना नोकरी कुठे मिळणार ही चिंता तिथेही आपल्यासारखीच.

जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनला, खुद्द अध्यक्षांच्या निवासस्थानी घोषणा झाली की, फॉक्सकॉन विस्कॉन्सिनमध्ये टीव्हीच्या मोठ्या पडद्यांचा कारखाना काढणार. १० अब्ज डॉलर गुंतवणूक, १३ हजार नोकऱ्या, सरासरी पगार वर्षाला ५३ हजार डॉलरच्या पुढे. त्यासाठी अनेक राज्यांत चढाओढ लागली होती. विस्कॉन्सिनने बोली जिंकली ती सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊन. त्या वेळच्या दराने हे जवळजवळ १९ हजार कोटी रुपये होतात. १३ हजार नोकऱ्यांनी भागले तर एका नोकरीमागे सरकारचे २ लाख ३० हजार डॉलर पडतात.

सवलत म्हटले की आपल्याला करमाफी आठवते. इथे मामला वेगळा होता. त्या राज्यात कारखानदारांचा आयकर आधीच जवळपास शून्यावर आलेला. माफ करायला कर उरलाच नव्हता. म्हणून कंपनी पगारावर जो खर्च करील त्याच्या १७ टक्के आणि इमारत-यंत्रांवर जो करील त्याच्या १५ टक्के रक्कम राज्य तिला देणार, असे ठरले. म्हणजे बहुतांशी रोख धनादेशच. विधिमंडळाच्या आर्थिक विभागाने हिशेब मांडला तेव्हा, राज्याचे गेलेले पैसे भरून यायला २०४२-४३ साल उजाडेल, असे उत्तर आले. पंचवीस वर्षे! टीव्हीचा पडदा पाच वर्षांत जुनापुराणा ठरतो, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

अशा प्रस्तावावर बँकेतला अधिकारी पहिली गोष्ट विचारतो ती ही, की या गिऱ्हाइकाचे मागचे खाते कसे आहे? फॉक्सकॉन ही काही कागदी कंपनी नव्हे. जगभरचे मोबाइल ती बनवते, आज तमिळनाडू आणि कर्नाटकातही बनवते. पण नुसत्या घोषणांचेही एक खाते होतेच. २०१३ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात ३ कोटी डॉलर आणि ५०० नोकऱ्यांची घोषणा झाली होती, ती हवेत विरली. आणि विस्कॉन्सिनचा कायदा होत होता तेव्हा आपल्या ५० हजार नोकऱ्यांच्या कराराला दोन वर्षे उलटली होती.

दुसरा प्रश्न असतो, पैसे आधी की काम आधी? माझ्या मते या प्रकरणाचे सगळे मर्म इथेच आहे. राज्याने स्वतःपुरती शहाणी अट घातली होती. दरवर्षी ठरावीक संख्येने माणसे नोकरीला लावा, मग पैसे मिळतील. पहिल्या वर्षी, २०१८ मध्ये किमान २६० माणसे हवी होती. ती भरली नाहीत, सवलत मिळाली नाही. दुसऱ्या वर्षीही दावा फेटाळला गेला. रस्ते रुंद करण्यावर राज्याचा खर्च झालाच, पण मोठी रक्कम तिजोरीत राहिली.

गावाचे आणि काउंटीचे तसे नव्हते. कारखाना यायचा तर आधी जमीन हवी, मग रस्ते, सरोवराचे पाणी आणणारे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या. हे सगळे पहिली वीट रचण्यापूर्वी. ती जबाबदारी स्थानिकांवर आली आणि तिचा आकडा होता ७६ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे जवळपास ५ हजार कोटी रुपये. गावाच्या डोक्यांनी भागले तर लहानथोर धरून दरडोई २८ हजार डॉलरच्या घरात. राज्याने काम बघून पैसे द्यायचे, आणि गावाने कर्ज काढून आधी मोजायचे, असा हा संसार.

ते कर्ज फेडायचे कसे? तिकडे एक पद्धत आहे. समजा, आज एका जमिनीवर १०० रुपये कर येतो. उद्या तिथे कारखाना झाला की तो १,००० होईल. आजचे १०० पूर्वीप्रमाणे शाळा, काउंटी, गाव यांच्यात वाटायचे आणि वाढलेले ९०० थेट कर्जाच्या हप्त्यांकडे वळवायचे. या प्रकरणात ही मुदत तीस वर्षांपर्यंत होती. कल्पना वाईट नाही. तिच्या जोरावर पुष्कळ गावांनी ओसाड वस्त्या उभ्या केल्या आहेत. तिच्यात धोका एवढाच की ९०० रुपये अजून जन्माला यायचे असतात आणि व्याज मात्र कर्ज उचलल्या दिवसापासून चालू होते.

तिसरा प्रश्न हमीचा. कंपनी उभीच राहिली नाही तर? इथे राज्याने सांगितले की, स्थानिक कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भार उचलण्याची आम्ही ‘नैतिक बांधिलकी’ मानतो. बँकवाल्याला हा शब्द वाचून हसू येते आणि घामही फुटतो. आपल्याकडे सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या यांना शासनाची थकहमी असायची. एका सूतगिरणीचे कर्ज थकले तेव्हा ती हमी वसूल करण्यासाठी लिहिलेल्या पत्रांची फाइल मी पाहिली आहे. मुद्दलापेक्षा पत्रव्यवहार जाड झाला होता. ती तर कायदेशीर हमी होती, आणि ही नुसती नैतिक!

पण गावाच्या वकिलांनी एक कलम मात्र फार चोख लिहून घेतले होते. १ जानेवारी २०२३ पासून, तिथे प्रत्यक्षात काहीही उभे असो वा नसो, कंपनीच्या मालमत्तेची किंमत कमीत कमी १.४ अब्ज डॉलर धरली जाईल आणि कंपनीने तेवढ्यावर कर भरायचा. साऱ्या भाषणांत हे कलम कोणी उच्चारले असेल असे वाटत नाही. पुढे गाव तरले ते या एका परिच्छेदावर.

२८ जून २०१८ रोजी भूमिपूजन झाले. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प सोनेरी फावडे घेऊन उभे राहिले आणि हे जगातले आठवे आश्चर्य होणार असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच महिन्यात गावाच्या मंडळाने आणखी एक ठराव केला होता, त्याच्याबद्दल टाळ्या वाजल्या नाहीत. खासगी कंपनीसाठी सक्तीने जमीन घ्यायला तिथल्या कायद्याची आडकाठी होती, अपवाद फक्त ‘मोडकळीस आलेल्या’ भागाचा. म्हणून तो सारा भाग मोडकळीस आल्याचे जाहीर करण्यात आले. त्यात हिरवळ राखलेली, रंग दिलेली, काही तर नव्याने बांधलेली घरे होती. शेतजमिनीला एकरी ५० हजार डॉलर असा बाजारभावाच्या कितीतरी पट दर मिळाला. छोट्या तुकड्यावर घर बांधून राहणाऱ्याला मात्र बाजारभावाच्या १.४ पट. ज्याची जमीन मोठी तो मालामाल झाला, आणि ज्याचे आयुष्य त्या घरात गेले होते तो सामान बांधू लागला. एमआयडीसीच्या ३२(२) च्या नोटिसा आणि सातबाऱ्यावरचे शिक्के पाहिलेल्या चाकण-तळेगावच्या माणसाला हा प्रसंग फोड करून सांगायला नको.

कारखान्याचे काय झाले? मोठ्या पडद्यांचा कारखाना आधी लहान पडद्यांचा झाला, मग पडदेच गेले. नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत हा करार करणारे गव्हर्नर स्कॉट वॉकर हरले. नवे गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी एप्रिल २०२१ मध्ये करार नव्याने लिहिला. १० अब्जांचे ६७ कोटी २० लाख डॉलर झाले, १३ हजार नोकऱ्यांच्या १,४५४ झाल्या आणि राज्याची सवलत ८ कोटी डॉलरवर आली. बदलली नाही ती गावाशी असलेली १.४ अब्जांची अट. कंपनीला तो कर भरणे भाग पडले.

त्यानंतर नशिबाने हात दिला. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने तिथली ३१५ एकर जमीन ५ कोटी डॉलरला घेतली, मग आणखी घेतली. मे २०२४ मध्ये ३.३ अब्ज डॉलरच्या डेटा सेंटरची घोषणा झाली. त्या वेळी अध्यक्ष जो बायडन तिथे आले होते. सहा वर्षांत दोन अध्यक्ष त्याच मातीवर येऊन गेले. कर्ज काढून टाकलेले रस्ते, नळ आणि वीज अखेर उपयोगी पडले. तेव्हा गाव बुडाले असे म्हणणे खोटे ठरेल. पण डेटा सेंटरला माणसे लागतात शेकड्यांत, हजारांत नव्हे. ज्या नोकऱ्यांसाठी घरे रिकामी झाली त्या नोकऱ्या आल्याच नाहीत. पैशाचे खाते पुन्हा जमेकडे वळू शकते. पाडलेल्या घराचे तसे होत नाही.

हे सारे आपण का वाचावे? आपल्याकडे उद्योगांना सवलत देणे नवे नाही. सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मुंबई-पुण्याला कमी आणि मागास तालुक्यांना जास्त, हे तिचे सूत्र. तिच्यातला हेतू मला आजही पटतो. नवीन आहे ते हे की, आता आपल्या महापालिकाही बाजारातून कर्ज उभारू लागल्या आहेत. पुणे महापालिकेने पाणीपुरवठ्यासाठी २०१७ साली २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. तेही चांगलेच. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या नळासाठी एका वर्षाच्या घरपट्टीवर भार टाकणे शहाणपणाचे नव्हे. कर्ज हा शब्दच पाप मानणाऱ्यांपैकी मी नाही. तसे मानले असते तर बँकेत माझा निभाव लागला नसता.

पण कर्ज घरचे असो की गावचे, प्रश्न तेच असतात. मुलीच्या लग्नासाठी किंवा फ्लॅटसाठी कर्ज काढताना घरातली बाई हप्ता किती, किती वर्षे, आणि पगार थांबला तर काय, हे विचारल्याशिवाय नवऱ्याला सही करू देत नाही. गावाच्या नावाने सही होते तेव्हा मात्र आपण मांडवाची कमान पाहून परत येतो. घरपट्टीची पावती हाती आली की दर का वाढला म्हणून कुरकुरतो.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या तालुक्यात एखाद्या प्रकल्पाची घोषणा झाली, तर नगरसेवकाला, सरपंचाला, आमदाराला चार साधे प्रश्न विचारावेत. या कंपनीने आधी दिलेली वचने पाळली का? आपले पैसे कामाच्या आधी जाणार की नंतर? कारखाना आलाच नाही तर कंपनीने काय भरायचे, हे करारात कोणत्या कलमात लिहिले आहे? आणि जमीन ज्यांची जाणार त्यांना, सही होण्यापूर्वी कोणी विचारले का? माउंट प्लेझंटला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले होते, म्हणून तिजोरी वाचली. चौथा प्रश्न तिथे वेळेवर विचारला गेला नाही, आणि त्याची किंमत आता कोणत्याच हप्त्यांनी फिटणारी नाही.