पायाळू गर्भ आणि त्याची दिशापालट

उसण भरलेल्या पाठीस पायाळू माणसाचा पाय लावण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. परंतु असें मूल जन्मतांना मातेवर कोणता प्रसंग ओढवतो, याचा विचार त्या चालींत नाहीं. धड आधीं बाहेर येतें आणि डोकें मागें अडकण्याचें भय असतें.

पूर्ण दिवसांच्या १०० गर्भांपैकीं ३-४ डोकें वर ठेवूनच राहतात. ३२ व्या आठवड्यापर्यंत काळजीचें कारण नाहीं. बहुतेक आपण होऊन फिरतात. पुढें जागा अपुरी पडते. म्हणून ३६ व्या-३७ व्या आठवड्याच्या सुमारास प्रसूतितज्ज्ञ, बहुधा गर्भाशय सैल करणारें औषध देऊन, पोटावरून दोन्ही हातांनीं गर्भास हळूहळू कोलांटी घ्यावयास लावतात. सुमारें निम्म्या वेळां यश येतें. २०० त एखाद्या वेळीं मात्र तांतडीनें पोट उघडून प्रसूति करावी लागते. यास्तव हें काम रुग्णालयांतच, बाळाच्या हृदयाचे ठोके पाहत व्हावें. घरीं पोट चोळवून घेणें हा त्यास पर्याय नव्हे. तें धोक्याचें आहे. ओणवें राहिल्यानें गर्भ फिरतो, हेंहि सिद्ध झालेलें नाहीं. वार गर्भाशयाच्या तोंडाशीं असल्यास हा प्रयत्न करीतच नाहींत. एकदां फिरलेला गर्भ पुन्हां उलटतो, तो क्वचित्.